बायकोची जर्मन मुलाखत

माझी बायको जर्मनीला गेली याला सर्वस्वी मी जबाबदार आहे, आणि मी तर तिला अडवायला निघालो होतो.

सुनंदा महाडच्या एका दवाखान्यात नर्स होती. कामावरून आली की मोबाईलसमोर बसून जर्मन शिकायची. मला वाटलं, नाद आहे, सुटेल. मग एकदा जेवण वाढता वाढता तिने सांगितलं की तिकडच्या इस्पितळाने व्हिडिओवर मुलाखत ठेवली आहे. मी ताटावरून उठलो. (पुन्हा बसलो. माशाचं कालवण होतं.)

गावी कापड्याला आईकडे तक्रार घेऊन गेलो, की तुझी सून देश सोडून चालली.

"जाऊ दे की तिला," आई म्हणाली. "हितं डबल ड्युट्या करून मरते, तवा तुला कधी राग आला नाय."

मग मी आईवरही चिडलो.

मुलाखतीच्या दिवशी मी पोलादपूरला माझ्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानातच थांबायचं ठरलं होतं. थांबलोही. पण एक गिऱ्हाईक आलं आणि पत्र्यांकडे ढुंकूनही न बघता विचारू लागलं, तुम्ही तिकडे गेल्यावर दुकान कोणाला देणार? शेजारचा चहावाला त्याला समजावून सांगत होता की शेठ आता जर्मनीत भांडी घासणार. मी शटर ओढलं, मोटारसायकल काढली आणि महाड येईपर्यंत अख्खं भांडण तोंडपाठ केलं.

घराचं दार ढकललं तर सुनंदा गणवेश घालून लॅपटॉपसमोर बसलेली. पडद्यावर एक गोरी बाई आणि एक टकले गृहस्थ. पाठ केलेलं सगळं विसरलो आणि नुसताच ओरडत सुटलो! दवाखान्यावर, जर्मनीवर, चहावाल्यावर, हेल्मेटवर (ते डोक्यातून निघत नव्हतं). वर खुर्ची आपटली.

सुनंदा उठली. आवाज जराही न चढवता तिने माझं हेल्मेट काढलं, मला त्याच खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि माझं मनगट धरून समोर बसली.

"काय होतंय?"

"मला न विचारता चाललीस."

"विचारलं होतं. तुम्ही ओरडलात."

"मग मी एकट्याने काय करायचं इथे?"

हे बोलायचं मुळीच ठरलं नव्हतं. राग एवढा होता, त्यातून हेच कसं निघालं कोण जाणे. सुनंदाचे डोळे भरले, पण तिने मनगट सोडलं नाही. मी शांत झाल्यावर ती पडद्याकडे वळून जर्मनमध्ये काहीतरी बोलली. ती दोघं माना हलवत लिहून घेत होती.

नंतर कळलं. त्यांनी नेमकं तेव्हाच तिला विचारलं होतं, पेशंटचा नातेवाईक आरडाओरडा करायला लागला तर काय कराल? सुनंदाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मी आत शिरलो. त्यांना वाटलं, बाईंनी प्रात्यक्षिकासाठी माणूसच बोलावलाय!

निवड झाल्याचं कळवताना त्या गोऱ्या बाईने माझं फार कौतुक केलं म्हणे. इतका खरा वाटणारा नातेवाईक तिने पाहिला नव्हता. हे गृहस्थ व्यावसायिक नट आहेत का, असं तिने विचारलं.

"नाही, हौशी आहेत," सुनंदा म्हणाली. "पण घरी रोज सराव करतात."