वन्संची आंब

फोन आला तेव्हा मी डब्याच्या पोळ्या लाटत होते. पलीकडून धाकट्या दिरांचा आवाज. "वयनी, आक्का गेली... चुलीपाशी बसल्या बसल्याच गेली." आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, कमलवन्सं. दौंडच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमधून निघालो, ते शिरूरला एसटी बदलून पुढे आमच्या बेटात. घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधल्या गावांना आमच्याकडे बेटच म्हणतात. वाटभर माझ्या मनात एकच, आता आंब कोण आणणार? नणंद गेली आणि हिला बाटलीची पडलीय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या बाटलीतच वन्सं होत्या.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला मी लग्न होऊन बेटात गेले. रेल्वे कॉलनीत वाढलेली मी, भाजी संपली की पिशवी घेऊन कोपऱ्यावर जायचं एवढंच ठाऊक. इथे श्रावणात दोन्ही नद्यांना पाणी चढलं की बाजार बंद, होडी बंद, आणि बेट खरोखरच बेट व्हायचं. म्हणून उन्हाळाभर वाळवण. गवार, वांग्याच्या फोडी, मटकीचे सांडगे, आणि थंडीतच खुडून सावलीत वाळवलेली हरभऱ्याची भाजी. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मी चहा टाकायला गेले, फळीवरच्या डब्यातली चुरलेली पानं चहापत्ती समजून आधणात टाकली आणि वर दूध ओतलं. दूध फाटून त्याच्या गुठळ्या झाल्या! तो हरभऱ्याचा पाला होता. ओसरीवर सासरे चहाची वाट बघत बसलेले. वन्सं आत आल्या, पातेल्यात बघितलं, डबा बघितला, आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आबा, दूधच नासलंय वं आज. गूळपाणी देते." मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

वन्सं विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या, विशीतच. भावांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण "खाणारं तोंड" ही गोष्ट सांगावी लागत नाही, ती ताटाभोवती फिरतच असते. वन्संनी त्यावर तोड काढली. घरातला एकूण एक डेरा, एकूण एक डबा त्यांच्या हातचा भरलेला असायचा. पावसाळ्यात सगळं घर त्यांच्याकडे बघायचं. आणि पौषातली आंब तर फक्त त्यांचीच. फुलावर आलेल्या हरभऱ्यावर वन्सं संध्याकाळी जुन्या धोतराचं धुतलेलं कापड पसरत. पानांवरची आंबट आंब रात्रीच्या दवाबरोबर त्यात उतरे. दिवसा ते तिथंच वाळे, रात्री परत भिजे. अशा काही रात्री मुरल्या की पहाटे पिळून ते पाणी काचेच्या बाटलीत. पोट दुखलं की पाण्यात चार थेंब. ती बाटली वर्षानुवर्षं टिकायची, रंग मात्र काळ्या चहासारखा व्हायचा.

"वन्सं, मला शिकवा की," मी एकदा म्हणाले.

"तुला कशाला? मी हाय तवर मी देते."

ते उत्तर मला तेव्हा तुटक वाटलं. पुढे ह्यांना रेल्वेत नोकरी लागली, आम्ही दौंडला आलो, आणि दर माघात वन्सं यायला लागल्या. लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली, बरोबर सांडगे, आणि आठ दिवस मुक्काम. तोवर नदीवर पूल झाला होता. टेम्पो रोज ताजी भाजी घेऊन दारात. हरभऱ्याच्या रानात ऊस आला, वन्संसाठी म्हणून दिरांनी बांधाकडेला हरभऱ्याच्या चार सऱ्या ठेवलेल्या. वाळलेली गवार पोरं ताटात बाजूला सारायची. डेरे एकेक करून रिकामे झाले, राहिली फक्त आंब. तेव्हा मला ते उत्तर कळलं. ही बाटली होती म्हणून वन्संना माझ्या दारात हक्कानं येता येत होतं. खरं तर बघून बघून मला सगळं येत होतं. पण मी दर वर्षी म्हणायचे, "मला बाई नाही जमायचं, तुम्हीच आणा."

मागच्या माघात त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाल्या, "सुमन, तांब्यापितळंत पिळायची न्हाई बरं का. काचंतच. तुला म्हाईत हाय म्हना."

"मला कुठं येतंय, वन्सं?"

"व्हय व्हय..." त्या हसल्या. अगदी त्या नासलेल्या चहाच्या सकाळी हसल्या होत्या तशाच. "आसंच म्हनत जा." म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं. किती वर्षं, देव जाणे.

सावडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी रानात गेले. माझ्या मागोमाग धाकटी जाऊ शारदा, हातात बाटली घेऊन. बांधाकडेच्या हरभऱ्यावर कापड तसंच होतं. वन्संनीच पसरलेलं. माणूस गेलं, घर रडलं, आणि इकडे ते आपलं रोज वाळत होतं, रोज भिजत होतं. कापड उचलून मी पिळायला लागले. थंडीनं बोटांना भेगा पडलेल्या, त्यात आंब अशी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते थांबेना. मला वन्सं हव्या होत्या, दुसरं काही नाही.

"लई झोंबलं का, ताई?" शारदानं बाटली पुढे धरली. मग हळूच म्हणाली, "मला बी दावा की. आता आक्का न्हाईत... कुनाला तरी यायला पायजे."

माझ्या तोंडून काय जावं?

"तुला कशाला? मी हाय तवर मी देते."

शारदा पदरानं बाटली पुसत म्हणाली, "मंग दर पौषात यावं लागंल तुमाला."

"येईन की," मी म्हणाले.