मागच्या चाकावरची टकटक

हॅमट्रॅमक गावात जुनी चॅलेंजर गाडी घ्यायची आणि तेओफिल म्रोझेकला दाखवायची नाही, असं कुणी करत नाही. निदान ज्याचं डोकं ठिकाणावर आहे असा कुणी करत नाही. बाकीचे जाणकार बॉनेट उघडतात, इंजिनावरचे आकडे वाचतात, जमिनीवर आडवे होऊन गंज शोधतात. तेओफिल सरळ मागच्या चाकाशी जातो. चाकाच्या वरच्या पत्र्यावर बोटाच्या पेरांनी तीनदा ठोकतो, कान लावतो, कुणाला तरी गाडी हलवायला सांगतो आणि पुन्हा ऐकतो. मग मागच्या सीटशेजारचं आतलं पॅनेल खोलून विजेरीने पोकळीत बघतो. नंतर हात पुसत म्हणतो, घ्या, किंवा म्हणतो, सोडा.

लोकांना वाटतं ही मोठी विद्या आहे. म्हाताऱ्याला पत्र्याचा गंज ऐकू येतो, कुठे अपघात झाला होता ते ऐकू येतं, असं काय काय बोललं जातं. काही अंशी ते खरंही झालंय, कारण माणूस तीन वर्षं रोज पत्रे ठोकत बसला की त्याला पत्र्यातलं कळायला लागणारच. पण खरं सांगायचं तर तेओफिलला या गाड्यांचं काडीचंही कौतुक नाही. त्याला त्यांची भीती वाटते. पोकळी रिकामी निघाली की तो ज्या सुस्काऱ्याने उभा राहतो, तो बघून गिऱ्हाईक समजतं, गाडी चांगली आहे.

ही गाडी जिथे जोडली जायची त्याच कारखान्यात तेओफिल तरुणपणी कामाला होता. मागच्या सीटशेजारची पॅनेलं बसवायची, दिवसाला शेकडो, एवढंच त्याचं काम. सत्तर सालच्या त्या गाड्या भडक रंगाच्या, मोठ्या इंजिनाच्या, पोरांना वेड लावणाऱ्या होत्या. चार-पाच वर्षांत पेट्रोल महागलं, गाडी बंद झाली, पुढे कारखानाही पाडला. उरलेल्या गाड्या गोठ्यात आणि भंगारात कुजल्या. भंगारवाल्याकडे एखादी चेपून सपाट झालेली दिसली की तेओफिलला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. तीस वर्षं अशी बरी गेली.

मग दोन हजार आठ साली कंपनीने ती गाडी पुन्हा काढली. तेच नाव, तोच चेहरा, फक्त अंगाने सुटलेली. इरेनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, बीटचं सूप वाढता वाढता पेपर त्याच्यासमोर धरला आणि म्हणाली, "बघ तेओ, तुझी गाडी परत आली." बाईच्या मनात काही नव्हतं, ती आपली हौसेने दाखवत होती. तेओफिलचा चमचा वाटीत तसाच राहिला.

नवी आली आणि जुनीचं नशीब फळफळलं. ज्यांना नवी परवडेना ते जुनीमागे लागले, ज्यांना नवी परवडत होती ते तर जास्तच लागले. लोकांनी आजोबांचे गोठे उघडले, कोंबड्या हाकलून गाड्या बाहेर काढल्या. पोलिश बेकरीच्या रांगेत, चर्चच्या पायऱ्यांवर, येमेनी चहाच्या दुकानात, जिथे तिथे चॅलेंजर. जोसेफ कंपाऊ रस्त्यावर मुनीर सालेहचं वापरलेल्या गाड्यांचं मैदान आहे. तिथे पुढच्या दोन-तीन वर्षांत नवी चॅलेंजरही जुनी म्हणून येऊन उभी राहू लागली, कारण पहिल्याच हिवाळ्यात हौशी मालकांना कळलं होतं की बर्फावर ही बया मागून घसरते. पण गर्दी व्हायची ती सत्तर सालच्या म्हातारीभोवती. आणि जो तो तिला स्क्रूपर्यंत खोलून पुन्हा नवी करत होता. आत काय काय सापडलं त्याचे फोटो कॉम्प्युटरवर टाकत होता.

सापडायचंच. कारखान्यात ती एक रीतच होती. फोरमन खडूस, काम कंटाळवाणं, आणि गाडीच्या अंगात शंभर पोकळ्या. कुणी दारात दोऱ्याने नट लोंबता सोडायचा, म्हणजे मालक जन्मभर आवाज शोधत बसावा. कुणी हाडकं टाकायचा, कुणी रिकामी बाटली. वर पॅनेल बसलं की विषय संपला. आत टाकलेली वस्तू या जगात परत दिसणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती, आणि तेओफिलचीही होती.

त्याने टाकली होती तंबाखूची पत्र्याची डबी.

बोलेक कानिया शेजारच्या जागेवर काम करायचा. दोघं एका गल्लीतले, एका शाळेतले. बोलेक आणि इरेनाचं जमलेलं होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि तेओफिललाही इरेना हवी होती हे कुणालाच माहीत नव्हतं. सत्तरच्या मार्चमध्ये बोलेकला सैन्यात बोलावणं आलं. त्यातच त्याचं आणि इरेनाचं कशावरून तरी भांडण झालं आणि इरेना दार उघडेना. शुक्रवारी सकाळी, कामावरच्या शेवटच्या दिवशी, बोलेकने ती डबी तेओफिलच्या हातात दिली. आत चिठ्ठी होती. म्हणाला, इरेनाला आज संध्याकाळी दे, आणि सांग की उद्या सकाळी सातला छावणीची बस सुटते, तोपर्यंत मी वाट बघतो.

तेओफिलने डबी खिशात घातली. दुपारपर्यंत ती मांडीला टोचत राहिली. मग एक जांभळी गाडी समोर आली, आतून पांढऱ्या सीटची. त्याने इकडेतिकडे बघितलं, डबी पोकळीत सोडली, पॅनेल लावलं आणि स्क्रू पिळले. त्याला चिठ्ठी जाळताही आली असती. पण जाळायला जी हिंमत लागते ती त्याच्यात नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो बोलेकला निरोप द्यायला बसपाशी गेला. ही गोष्ट तो स्वतःलाही सहसा सांगत नाही. बोलेक बोलत होता त्याच्याशी आणि बघत होता त्याच्या खांद्यावरून, रस्त्याच्या टोकाकडे. ड्रायव्हरने हाक मारली तेव्हा त्याने विचारलं, "दिलीस ना?"

"दिली," तेओफिल म्हणाला.

छावणीतून बोलेकचं एक कार्ड आलं, ती काही बोलली का, एवढंच विचारणारं. तेओफिलने उत्तर पाठवलं नाही. नाताळच्या दोन आठवडे आधी बोलेक व्हिएतनामहून पेटीतून आला. इरेना मातीला गेली नाही. एका शब्दाने न सांगता निघून गेलेल्या माणसासाठी मी रडणार नाही, असं ती म्हणाली. बोलेकच्या आईने गर्दीत तेओफिलचा हात धरून विचारलं होतं, माझ्या पोराने त्या मुलीसाठी काही ठेवलं होतं का रे? तो नाही म्हणाला. दोन वर्षांनी त्याचं आणि इरेनाचं लग्न झालं. संसार चांगला झाला, हेच तर वाईट. दरवर्षी नोव्हेंबरात मेलेल्यांच्या सणाला सगळं गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातं, तेव्हा इरेना स्वतःच्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावते आणि बोलेकच्या थडग्यावरून मान वळवून पुढे जाते. तेओफिल मागून चालत असतो. वारा नसला तरी बोलेकच्या आजूबाजूच्या ज्योती थरथरतात, असं त्याला दिसतं, आणि ते त्याने कधी कुणाला विचारलेलं नाही.

तर असा हा जाणकार. कुणी गाडी उघडायच्या आत आपण उघडायची, एवढाच त्याचा धंदा. रंगाचा भरवसा नव्हता, कारण जांभळीची लाल झालेली असते, लालची काळी. त्यामुळे प्रत्येकच बघायला लागायची. टकटक त्याच्या डोक्यात शिरली होती. स्वयंपाकघरात पाइप तापताना वाजले की तो दचकायचा. उन्हाळ्यात वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची रांग निघते, लोक खुर्च्या टाकून बघतात, तिथे एकदा एका गाडीतून पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखा आवाज आला आणि हा सिग्नलपर्यंत तिच्यामागे पळत गेला. इरेनाला वाटलं, हौसेला मोल नाही.

दोन हजार अकराच्या मे महिन्यात, शनिवारी दुपारी, मुनीरचा फोन आला. तेओफिल आणि इरेना बेकरीतून घरी निघालेच होते, जाता जाता मैदानावर थांबले. गाडी काळी होती, ओहायोतून आलेली. मुनीर हसत होता, पण जरा लांबूनच.

"अम्मो, हिच्यात जिन्न आहे," तो त्याला अरबीत काका म्हणत सांगू लागला. "तीन मालकांनी विकली. मी स्वतः कुराणातली आयत म्हणून बघितली, तरी वाजतेच."

"जिन्नाला पोलिश येत असेल," इरेना स्वतःच्या गाडीत बसल्या बसल्या म्हणाली.

तेओफिलने ठोकलं. मुनीरने गाडी हलवली. आतून उत्तर आलं, टक, आणि पुन्हा टक. पत्र्यावर पत्रा. त्याने पॅनेलचे स्क्रू काढले, विजेरी आत धरली. काळ्या रंगाखाली, जिथे कुणाचा ब्रश पोचला नव्हता तिथे, पत्रा जांभळा होता. सीटच्या शिवणीत पांढरं कापड उरलं होतं. त्याने मुनीरला चहा आणायला पिटाळलं आणि हात आत घातला. कडेने मनगट कापलं, ते त्याला कळलं नाही. बोटांना तार लागली. ओढली तर तारेला टांगलेला दारूचा एक चपटा, रिकामा, पत्र्याचा फ्लास्क बाहेर आला. बुचाखाली कागदाचा तुकडा होता, तेलाने टिकलेला: सापडलं एकदाचं? माझ्यातर्फे एक घोट घे. स्टाश, दुसरी पाळी.

स्टाश कोण होता, कुणास ठाऊक. तेओफिलला आधी हसू आलं. मग तो गाडीला पाठ लावून खाली बसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं, लहान मुलासारखं, नाक गळेपर्यंत. वर बघितलं तर इरेना समोर उभी होती, हातात पावाची पिशवी.

तिने फ्लास्ककडे बघितलं, मग त्याच्या मनगटाकडे. "तेओ," ती म्हणाली, "तुला काय सापडायला हवं होतं?"

तो खोटं बोलू शकला असता. इतकी वर्षं बोललाच होता. पण त्या क्षणी त्याच्यात खोटं उरलं नव्हतं, आणि बसल्या बसल्या त्याने सगळं सांगितलं. डबी, जांभळी गाडी, सातची बस, बोलेकचा प्रश्न आणि आपलं उत्तर.

इरेना ओरडली नाही. ती वाकून त्या उघड्या पोकळीत बघू लागली.

"म्हणजे त्याला वाटलं, मी वाचली आणि आले नाही."

"हो."

"आणि तसंच वाटत मेला."

तेओफिलने शर्टाच्या बाहीने मनगटावरचं रक्त पुसलं.

"काय लिहिलं होतं?"

"मी उघडली नव्हती, इरेना."

"उघडायची तरी होतीस," ती म्हणाली. "चोरलंस ते चोरलंस, निदान काय चोरलंस ते तरी बघायचं होतंस."

त्यानंतर ती तीन आठवडे त्याच्याशी बोलली नाही. सूप चुलीवर असायचं, पण टेबलावर त्याची ताटली नसायची. बोलेकच्या थडग्यावर ती मे महिन्यातच दिवा लावून आली, त्याला न सांगता. चर्चमधल्या बायकांनी सांगितलं तेव्हा त्याला कळलं. ती सोडून जाईल असं त्याला रोज वाटायचं, आणि जावं असंही कधी कधी वाटायचं, म्हणजे एकदाचं संपलं असतं. त्याने ठोकणं सोडलं. लोकांचे फोन यायचे, तो डोळे अधू झालेत असं सांगायचा.

जूनमधल्या एका सकाळी टोलेडोहून कुणाचा तरी फोन आला. तेओफिल तेच उत्तर देत होता, तेवढ्यात इरेनाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. पत्ता लिहून घेतला आणि म्हणाली, "येतो आम्ही." फोन ठेवता ठेवता तिने बाहेर जायचे बूट पायात घातले.

गाडी तेओफिलने चालवली. राज्याची हद्द ओलांडल्यावर इरेनाने विचारलं, अशा किती जांभळ्या निघाल्या होत्या? हजारो, तो म्हणाला. त्यातल्या निम्म्या तरी चेपून वितळवल्या असतील, आपली त्यात गेली असेल. डबी असली तरी कागद कुजला असेल. ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत राहिली. तेओफिलने तीन वर्षं प्रत्येक गाडीसमोर देवाकडे एकच मागितलं होतं, की आत काही नसू दे. आज ते मागायची सोय नव्हती, आणि उलट मागायचा त्याला अधिकार नव्हता.

गाडी केशरी होती. मालक विशीतला होता, जाणकाराबरोबर आज्जी कशाला आलीय हे न कळून बाजूला उभा राहिला. तेओफिल मागच्या चाकाशी वाकला. इरेनाने त्याला हाताने थोडं बाजूला सारलं, केस मागे घेतले आणि स्वतः पत्र्याला गाल लावला. त्याने तीनदा ठोकलं.

आतून काहीच आलं नाही. तिने डोळे मिटले.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली, आणि त्याने पुन्हा वाजवलं.