पडलेला प्लग

"सर, हातातून प्लग पडला," असं म्हणून काल एका विद्यार्थिनीने तो सरळ कचऱ्यात टाकला. फरशीवरच्या त्या टण्ण आवाजाने मला परंदवडीजवळच्या जुन्या ट्रेनिंग शेडमध्ये नेऊन उभं केलं.

छोट्या विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. पडलेला प्लग पुन्हा वापरायचा नसतो, कारण त्याच्या आतला तडा बाहेरून दिसत नाही. शिकत असताना माझ्या हातून एक पडला. मी इकडे तिकडे पाहिलं, तो शर्टाला पुसला आणि गुपचूप बसवला.

चाचणीत प्रत्येक सिलिंडरचा एकेक प्लग बंद केला आणि माझ्या प्लगवर भार येताच इंजिन थडथडायला लागलं. "तो प्लग कोणी बसवला?" इन्स्ट्रक्टर ओरडले. मी मान खाली घालून पाना पुसत राहिलो. कान्हे गावचे रशीदभाऊ, आमचे वयस्क मेकॅनिक, क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्याच बसवला, सायेब. लय घाई झाली."

त्यानंतर त्यांना कधी इंजिनाला हात लावू दिला नाही.

पडलेला प्लग का टाकायचा, हे समजवायला मी दरवर्षी वर्गाला ही गोष्ट सांगतो. कालही सांगितली. माझ्या गोष्टीत प्लग रशीदभाऊंच्याच हातून पडतो.