आत्याची मिसरी आणि माझा इलेक्ट्रोड

माझ्या आत्याने माझ्या संशोधनाने दात घासले होते.

आज तिला जाऊन वर्ष झालं, आणि मला आधी हेच आठवलं. रडायच्या ऐवजी हसू येतंय. तिला चालेल.

मी बारामतीत लॅबमध्ये डाळिंबाच्या सालींपासून कार्बन बनवते. हवा न लागू देता साली भाजल्या की राख न होता काळी पूड उरते. ती पत्र्याच्या पट्टीवर थापली की वीज साठवणाऱ्या सेलचा इलेक्ट्रोड तयार. स्वस्तात मस्त.

साली आत्याच्या बागेतल्या, निमगाव केतकी गावच्या.

एका रविवारी साली आणायला गेले, तेव्हा तिला दाखवायला पूडही नेली. पहिल्यांदाच नीट जमलेली. सोमवारी सरांना सेल चालवून दाखवायचा होता.

पुडीची डबी फळीवर ठेवून हातपाय धुवायला गेले. परत येते तर आत्या ओसरीवर, बोट काळं, तोंड काळं.

"वैशे, ह्या मिसरीला तंबाखूचा वासच न्हाय गं."

"आत्या! तो माझा इलेक्ट्रोड आहे! थुंक आधी!"

"थुकते की. पण दात बघ कसं चकाकत्यात!"

शेजारच्या काकूंनाही चिमूटभर देऊन झाली होती. आतिथ्य!

उरलेल्या पुडीत एकच सेल झाला. सोमवारी इवलासा एलईडी लागला. मी लगेच तिला व्हिडिओ कॉल केला.

"एवढुसाच? आन् इझला पण? माझ्या दोन भाकरी व्हायच्या न्हाईत ह्येच्यात."

तिच्याकडे नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला लाईट जायची. त्यामुळे सरांपेक्षा अवघड परीक्षा तिची. दर फोनला एकच प्रश्न, "भाकरी होईस्तवर टिकतोय का दिवा?"

"नाही गं अजून."

"मग कर की. मी कुठं पळून चाललीय?"

गेलीच पण.

तिच्या हयातीत जमलं नाही, याचं वाईट वाटतं. खूप वाटतं.

काल संध्याकाळी तिच्याच स्वयंपाकघरात गेले. नव्या पुडीचे सेल एकमेकांना जोडले, मोठा दिवा बंद केला, आपला एलईडी लावला. वहिनी, म्हणजे तिची सून, भाकरी थापायला बसल्या.

मी दिव्याकडे बघत होते. भाकरीकडे बघायची हिंमत नव्हती.

शेवटी वहिनी परात झटकत म्हणाल्या, "वन्सं, पीठ सपलं की."

दिवा चालू होता.

पास झाले गं आत्या.

आज तुला सगळे दात दाखवून, हसून निरोप.