आरसेमास्तरांचा सड्यावरचा थांबा

आमचे आरसेमास्तर गाडीत बसले की समोर कमी आणि मागेच जास्त बघायचे. गाडी शिकवणारा माणूस, आणि असा! शिकणाऱ्याच्या समोरचा आरसा त्यांना पुरायचा नाही. आपल्या बाजूला त्यांनी आणखी एक आरसा बसवून घेतला होता, न्हाव्याच्या दुकानात असतो तेवढा. रत्नागिरीतल्या आमच्या आळीतली निम्मी पोरं त्यांच्याच हाताखाली शिकली. क्लच विसरायची, ब्रेक विसरायची, पण "पुढचं दिसतंच गो, मागचं बघ" हे मास्तरांचं बोलणं कुणी विसरलं नाही. त्यावरून नाव पडलं. खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं.

नवीन पोर आलं की पहिल्या दिवशी विचारायचे, "कच्चं लायसन म्हणजे काय, सांग." पोर बिचारं पुस्तकातलं काहीतरी घडाघडा म्हणायचं. मास्तर मान हलवायचे. "नाय. कच्चं लायसन म्हणजे एकट्याने जायचं नाही. बस. शेजारी पक्क्या लायसनवाला असल्याशिवाय चावी फिरवायची नाही, घरात आग लागलेली असली तरी." मग ते लाल एल अक्षर गाडीला पुढेमागे स्वतः चिकटवायचे. चिकटवून झालं तरी पुन्हा पुन्हा हाताने दाबून बघायचे, शाळेत निघालेल्या मुलाची कॉलर सारखी करतात ना, तसं.

माझी नात सायली कॉलेजसाठी माझ्याकडेच राहते. तिने एकदा हा नियम मोडला. कच्चं लायसन मिळाल्याबरोबर स्कूटर काढून बाई एकट्याच मासळीबाजारात. येताना मास्तरांनी तिला बरोबर गाठलं आणि भर रस्त्यात चावी काढून घेतली. ही रडकुंडीला आली.

"मास्तर, सोडा ना. आजी वाट बघतेय, सुरमई खराब होईल."

"होऊ दे. सुरमई उद्या परत मिळेल."

शेवटी स्वतःच तिच्या मागे बसले, माशांची पिशवी मांडीवर घेऊन, आणि तिला घरापर्यंत चालवायला लावलं. त्या दिवशी त्यांची संकष्टी होती हो! दारात उतरले तेव्हा पांढऱ्या पँटीवर माशाचं पाणी. मला हसू आवरेना. म्हटलं, "भावोजी, हे काय सोंग?" तर माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, ही अजून कच्ची आहे. एकटी सोडू नका." त्यांचा चेहरा बघितला आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

कारण मला ठाऊक होतं. आळीतल्या आम्हा जुन्या माणसांना ठाऊक होतं.

आरे-वारेच्या अंगाला जाताना एक सडा लागतो. दोन्हीकडे उघडा काळा कातळ आणि मधून सरळ रस्ता, ना वळण ना घर. मास्तरांची एकुलती एक लेक तिथे गेली. नुकती अठराची झाली होती, कच्चं लायसन काढलं होतं. नियमाप्रमाणे मास्तर शेजारी बसलेले. पुढे गुरं आडवी आली म्हणून ते म्हणाले, "थांब." शिकवलं होतं तशी ती थांबली. मागून चिऱ्यांनी भरलेला ट्रक येत होता.

मास्तरांना नुसतं खरचटलं. गाडी शिकवायचं त्यांनी त्यानंतर सुरू केलं. "थांब" हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकला नाही. गाडी उभी करायची तर म्हणायचे, "राहू दे आता." पोरांना यातलं कुणी सांगितलं नाही. कशाला सांगा?

पण त्या सड्यावर मास्तर प्रत्येकाला गाडी डांबरावरून पार खाली, कातळावर घ्यायला लावायचे. इंजिन बंद.

"आरशात बघ. कोण येतंय?"

"कोणी नाही, मास्तर."

"परत बघ."

"कोणी नाही."

"बघत राहा."

आणि मग गप्प. वाऱ्याने गवत हलायचं तेवढंच. बऱ्याच वेळाने म्हणायचे, "हां, चल."

आता कोकणातली पोरं ती, त्यांना काय वाटणार? इथे देवचार आहे, जागेचा राखणदार. मास्तरांना तो आरशात दिसतो, त्याने हो म्हटलं की गाडी हलते! कुणीतरी टेस्टच्या आधी गुपचूप येऊन नारळ ठेवला आणि तो पास झाला. झालं! करवंदीच्या जाळीमागे दगड आला, दगडाला शेंदूर आला, देवचाराला लागतात म्हणून विड्या आल्या, बाटली आली. मास्तरांना पत्ता नव्हता.

सायलीची टेस्ट उद्यावर आली तेव्हा तिने मलाही गाडीत मागे बसवलं. "आज्जी, नारळ तू पदराखाली धर. मास्तरांना दाखवू नको हां." सड्यावर गाडी उतरली, "कोण येतंय?" सुरू झालं, आणि मीही मान उंच करून त्या आरशात बघितलं. नुसतं ऊन आणि रस्ता. पण इतक्या शांतपणे कुणी पुन्हा पुन्हा विचारलं ना, की रिकाम्या रस्त्यावरही कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटायला लागतं. मी दचकून हलले आणि नारळ घरंगळला.

मास्तर वळले. "हा कोणाला?"

सायली बोलून गेली, "तुमच्या देवचाराला."

मास्तर उतरले आणि तिने दाखवलं तिकडे जाळीमागे गेले. आम्ही मागोमाग. मला वाटलं, आता लाथेने सगळं उधळतात. म्हटलं, "भावोजी, पोरांना काय कळतंय. मी आजच सगळ्यांना खरं सांगते, उचलायला लावते."

ते दगडापाशी बसले. विड्यांचं बंडल हातात घेऊन म्हणाले, "हिला विडीचा वास सोसायचा नाही, वहिनी. माझी विडी हिनेच सोडवली."

सायली माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग मास्तरांनीच तिला सांगितलं, अगदी थोडक्यात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. पोरगी मुसमुसायला लागली. मी पुन्हा म्हटलं, "उचलूया हे. आपल्या लेकीचा देवचार कशाला व्हायला हवा?"

मास्तरांनी विड्या नि बाटली उचलून पिशवीत घातली. दगड तसाच ठेवला.

"राहू दे, वहिनी. फक्त नाव सांगू नका कोणाला. नाव सांगितलंत की ती मेलेली पोर होईल. लोक चुकचुकतील नि पुढे जातील. अशी आहे तर कामावर आहे."

आणि तिथेच नारळ दोन्ही हातांत धरून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बाय गो, ही सायली. उद्या हिला पक्कं लायसन मिळेल. मग माझं शेजारी बसणं संपलं. आता तू बघ." गाऱ्हाण्याला मागून "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. मीच म्हटलं, कसंबसं.

पुढे प्रत्येक नव्या पोराला ते एवढंच बजावायचे, "इथे बाईमाणूस आहे. विडी-दारू चालत नाही, फूल ठेवा."

गेल्या दिवाळीनंतर मास्तर गेले. परवा सायली मला घेऊन त्याच रस्त्याने चालली होती. मी काही बोलायच्या आधी तिने गाडी कातळावर उतरवली. तिथे आधीच एक गाडी उभी, लाल एल लावलेली, कुठल्यातरी नव्या क्लासची, शिकवणारा आतच बसलेला. एक मुलगी जाळीपाशी हात जोडून उभी. मास्तरांना तिने कधी बघितलेलंही नसणार. दगडावर अबोलीचा गजरा होता.

"या ना आजी," मला म्हणाली. "इथली फार कडक आहे म्हणतात. मागून येणाऱ्याला धरून ठेवते." मग जरा जवळ येऊन विचारलं, "नाव काय हो तिचं? हाक काय म्हणून मारायची?"

नाव माझ्या ओठांवर आलं. त्या नावाने हाक मारून मी तिच्या हातावर कितीदा खोबऱ्याची वडी ठेवली होती. सायली माझ्याकडे बघत होती.

"नुसतं बाय म्हण," मी म्हटलं. "ओ देते ती."