आबांचं अनुमोदन

नियम चार ओळींचा होता. जो खेळाडू एक पूर्ण हंगाम खेळला नाही त्याची राष्ट्रीय नोंदणी रद्द होणार, आणि परत यायचं तर त्याने आधी दोन हंगाम जिल्ह्याच्या संघातून खेळायचं. रस्सीखेचीच्या राष्ट्रीय संघटनेने असे बरेच बदल सुचवले होते. बाकीचे दोराची जाडी, बुटांच्या टाचा असल्या गोष्टींचे होते, ते मी वाचून सोडून दिले. हा मात्र पुन्हा वाचला, कारण तो आमच्या ताईवर नेम धरून लिहिल्यासारखा वाटला. तसं अर्थात नव्हतं. लिहिणाऱ्यांना ताई माहीतही नव्हती.

ताई आमच्या संघात सगळ्यात मागे उभी राहते. दोराचं शेवटचं टोक तिच्या खांद्यावरून अंगाभोवती गेलेलं असतं आणि समोरच्यांनी कितीही ओढलं तरी तिने हलायचं नसतं. ती वराळ्याला राहते, एका कंपनीत पॅकिंगला जाते. मागचा हंगाम बाळंतपणामुळे ती खेळली नव्हती. मुलगी रांगायला लागली तशी ती सरावाला येऊ लागली. सोबत सासू असे. सासू नातीला मांडीवर घेऊन मैदानाच्या कडेला बसे आणि आम्ही ओढायला लागलो की आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडे. नवा नियम झाला असता तर ताईला राज्याच्या संघाची निवड चाचणीसुद्धा देता आली नसती.

"दोन वर्सांनी माजं गुडघं ऱ्हातात का बघ," ती म्हणाली. "तू जा आन सांग तितं."

संघटनेची वार्षिक सभा त्या वर्षी लोणावळ्याला होती. प्रत्येक राज्याने सोबत एक खेळाडू आणायचा असतो. त्याला बोलता येतं, मत देता येत नाही. मी बेडशाची, म्हणजे जवळची, आणि कॉलेजात शिकणारी, म्हणून माझं नाव गेलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सभेत कसं बोलतात हे मला सांगणारं घरी कुणी नव्हतं. वडील एवढंच म्हणाले की बोलताना खाली बघू नको.

मत होतं आबांना. आबा आमच्या जिल्हा संघटनेचे अध्यक्ष आणि या सभेला राज्याचे प्रतिनिधी, तरुणपणी स्वतः दोर ओढलेले. जाताना जीपमध्ये त्यांनी मला धीर दिला. "नियमाचं मी बोलतो. ईरोध कसा करायचा ते मला ठावं हाय. तू फकस्त ताईचं सांगाय ऊठ."

सभा वेळेवर सुरू झाली नाही. बाहेरच्या राज्यांतले बरेच सदस्य सकाळीच भुशी धरणावर गेले होते. ते गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटी घेऊन आले आणि हॉटेलवाल्याने त्यांच्या खुर्च्यांवर टॉवेल अंथरले. मग सत्कार झाले. ते संपेपर्यंत जेवणाचा वास हॉलमध्ये यायला लागला होता.

चिटणीसांनी सगळे बदल एकत्रच मांडले. कलमं पुढे एकेक करून वाचू, म्हणाले, आधी प्रस्तावाला अनुमोदन कोण देतं?

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे शाळेचं स्नेहसंमेलन असो की पतपेढीचा कार्यक्रम, अध्यक्ष आधीच येऊन खुर्चीत बसलेले असतात. तरी एकजण उठून त्यांनी अध्यक्षपद स्वीकारावं अशी सूचना मांडतो आणि दुसरा उठून तिला अनुमोदन देतो. त्या अनुमोदनाने काही बदलत नाही. तो एक मान असतो, आणि मावळात तो बहुतेक वेळा आबांना मिळतो, कारण त्यांचा आवाज माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत जातो.

आबा उठले. "सदर प्रस्तावास माझे जाहीर अनुमोदन!" टाळ्या पडल्या. आबा बसले आणि जाकिटाचं बटण लावून माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. त्या क्षणी मलाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही, हे खरं.

दोराची जाडी मंजूर झाली. टाचा मंजूर झाल्या. मग आमचं कलम आलं. उत्तरेकडच्या एका सदस्याने त्याचं कारण सांगितलं. त्यांच्याकडे काही जण वर्षानुवर्षं मैदानावर येत नाहीत, नोकरीची जाहिरात निघाली की प्रमाणपत्रासाठी नेमके उगवतात. ते खोटं नसावं. असे दोघेतिघे मलाही माहीत होते.

आबा उठले. "आमचा या कलमाला ईरोध हाय."

सभेच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "काका, आपने ही तो अनुमोदन दिया है."

हॉलमध्ये हशा पिकला. आबांना आधी कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चिटणीसांकडे. चिटणीस म्हणाले की ज्याने अनुमोदन दिलं त्याला त्याच प्रस्तावाविरुद्ध बोलता येत नाही. आबा हळूहळू खाली बसले. त्यांचा कान लाल झालेला मला बाजूने दिसत होता. आता मीच उठायला हवं असं वाटून मी मनात पहिलं वाक्य जुळवू लागले.

तेवढ्यात आबाच पुन्हा उठले. "मंग मी अनुमोदन मागं घेतो."

"असं मागे कसं घेणार?" चिटणीस म्हणाले.

"दिलं मी. घेनार मी."

"तुमच्या गावात घेतात का असं मागे?" मागून कुणीतरी मराठीत विचारलं.

"आमच्या गावात हळद लागल्याव नवरदेव मागं गेल्यात," आबा म्हणाले. "ह्ये तर नुसतं बोलनं हाय."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो आबांच्या बाजूचा होता. उत्तरेकडचे सदस्य म्हणाले, मग मी देतो अनुमोदन. चिटणीस म्हणाले, तसं असेल तर प्रस्ताव नव्याने मांडावा लागेल, म्हणजे दोराच्या जाडीपासून पुन्हा सगळं. कुणीतरी जेवणाच्या दाराकडे पाहिलं. या गडबडीत अध्यक्ष मला म्हणाले, "बेटी, आपको कुछ कहना था?"

मी हिंदीत तयारी केली होती. उठल्यावर ती गेली. मी मराठीतच सांगितलं, की आमच्या संघात एक ताई आहे, तिने एक हंगाम सोडला कारण तिला मुलगी झाली, आणि आता ती रोज कंपनीतली पाळी संपवून सरावाला येते. प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांना अडवा, पण तिला चाचणी तरी देऊ द्या. बहुधा एवढंच बोलले. उत्तरेकडचे सदस्य शेजाऱ्याला विचारत होते, "क्या बोली?" त्याने सांगितलं. ते म्हणाले, एकीसाठी अपवाद केला तर उद्या सगळेच कारण घेऊन येतील. चिडून नाही म्हणाले.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि ते कलम उपसमितीकडे पाठवलं. समितीत उत्तरेकडचे सदस्य, चिटणीस आणि आबा. समितीचा अहवाल येईपर्यंत जुनाच नियम चालू राहणार होता. त्यानंतर सगळे जेवायला गेले.

परतताना कामशेत आल्यावर आबांनी जाकीट काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "मान देत व्हते गं. मान कोन सोडतं?" मी म्हटलं, आबा, तुम्ही परत घेतलंत ना.

ताईला फोन केला तेव्हा ती कंपनीच्या गेटवर होती.

"म्हंजी नियम झाला का पडला?"

"दोन्ही नाही. समितीकडे गेलाय."

"मला चाचनी देता येती का, तेवडं सांग."

"येते."

"मंग झालं की," म्हणून तिने फोन ठेवला.

निवड चाचणी तळेगावला झाली. रस्सीखेचीत संघाचं एकूण वजन ठरलेलं असतं. काट्यावर उभं राहिल्यावर ताई बाळंतपणाआधीपेक्षा बरीच भरली. तिला घ्यायचं तर दुसऱ्या कुणाच्या जागी हलकी मुलगी शोधावी लागली असती, आणि निवडणाऱ्यांनी सोपं होतं ते केलं. शेवटच्या जागेवर दुसऱ्या जिल्ह्यातली मुलगी घेतली. ती चांगली ओढत होती. मी संघात आले, ताई आली नाही. सासूने निवड समितीला ऐकू जाईल अशा आवाजात काट्याला नावं ठेवली.

ताई बूट सोडत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"तोंड कशापायी पाडलंस?" ती म्हणाली. "वजन काय, उतरवीन. फुडच्या वर्सी परत येती." मग मुलीला सासूकडून घेत म्हणाली, "आबांना निरोप दे माजा. त्या समितीची बैठक एवढ्यात घेऊ नगा म्हनावं."