खिळ्यावरची चिठ्ठी

सुट्टीचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. एका जागी चार-पाच वर्षं काम केलं की ते आपोआप साचतात, कॅनच्या झाकणाला आतून साय धरावी तसे. आमच्या डेअरीत तर जास्तच, कारण आमच्याकडे सुट्टी मिळणं हाच मुळात चमत्कार!

मिरजगावच्या अलीकडे हायवेला आमचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ आसपासच्या गावांचं दूध येतं. ते मोजायचं, फॅट बघायची, थंड करायचं आणि टँकरमध्ये भरायचं. माणसं आम्ही पाच. मॅनेजर काळे साहेब, फॅट मशीनवर रफिकचाचा, कॉम्प्रेसरवर बापू, मोजकाट्यावर माझा मोठा भाऊ शमुवेल, म्हणजे दादा, आणि कॅन उचलायला मी, दानू. शाळा मी आठवीत सोडली. पण कॅन उचलण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही!

पहिल्या वर्षी मी नाताळची सुट्टी मागायला गेलो, तेव्हा साहेब म्हणाले, "तुझ्या सणाला माझा नमस्कार. पन गाईला नाताळ कळतो का?"

मी म्हणालो, "साहेब, आमचा देव गोठ्यातच जन्मला. गाईला तर सगळ्यांच्या आधी कळलं!"

सुट्टी मिळाली.

* * *

सुट्टीचा नियम आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

चिठ्ठीवर दोन सह्या लागतात. एक जाणाऱ्याची, एक त्याच्या बदलीची. ही चिठ्ठी ऑफिसच्या दारामागच्या खिळ्यात अडकवायची. बदली माणूस कामावर आला की त्यानं स्वतःच्या हातानं ती काढून खिशात घालायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. साहेब सकाळी फक्त खिळा बघतात. "खिळ्यावर चिठ्ठी हाय, म्हंजे मानूस यायचाय."

दिवाळीला आणि ईदला आम्ही दोघे भाऊ बदली. नाताळला बापू आणि चाचा.

दादाची एक खोड होती. खिशात घातलेली चिठ्ठी तो तशीच विसरायचा. आई त्याचा निळा शर्ट धुवायची आणि कागदाचा लगदा निघायचा. आई ओरडायची, "खिसे बघून टाकत जा की रे!"

दादा म्हणायचा, "आई, ती माझी हजेरी हाय. तूच धुऊन टाकतीस, म्हनून तर माझा पगार वाढंना!"

* * *

बापूंना एकदा एकतीस डिसेंबरला मित्रांबरोबर मटणाच्या पार्टीला जायचं होतं. चिठ्ठीवर तेव्हा कारणही लिहावं लागायचं. बापूंनी लिहिलं, 'आत्या वारली.'

त्याच सकाळी नऊवारी नेसलेली एक म्हातारी डेअरीच्या पायरीवर येऊन बसली. "आमचा बापू कुटं हाय? त्याला म्हनावं, शिंगणापूरला निघालेय, वाटंत भेटून जावं म्हनलं."

साहेबांनी विचारलं, "तुमी कोन?"

"त्याची आत्या."

साहेबांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "आत्याबाई, वाईट वाटून घेऊ नका. पन तुमी काल वारलाय!"

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. जाताना म्हणाली, "मग पुढच्या साली येते खरीच वारून!"

पुढच्या वर्षी एकतीस डिसेंबरला बापू सकाळीच दारात उभे. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "काय, आत्या परत वारली का?"

बापूंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. साहेबांनी मान वर केली आणि हातातला पेन खाली ठेवला.

त्या दिवसापासून आमच्याकडे चिठ्ठीवर कारण लिहीत नाहीत. साहेब म्हणाले, "फकस्त सह्या करा. हितं लिवलेलं खरं होतंय."

* * *

आणखी एका नाताळची गोष्ट. तेव्हा आम्ही भाऊ सुट्टीवर होतो, बापूंनी पण कसलीशी रजा काढली होती. बदलीला बाहेरून दोन माणसं आणली होती. दुपारी दूध नसतं, म्हणून ती जेवायला गेली. केंद्रात एकटे रफिकचाचा.

कॉम्प्रेसर रूममधून त्यांना घरघर ऐकू आली. मशीन बंद होतं! चाचा दारापर्यंत गेले. आत अंधार. घरघर चालूच.

चाचांनी लांबूनच विचारलं, "कोन हाय?"

आतून आवाज आला, "मी सुट्टीवर हाय!"

चाचा सांगतात, "त्या टायमाला मला येत हुत्या तेवढ्या सगळ्या दुवा मी म्हनून घेतल्या."

झालं असं होतं की बापूंनी साहेबांना सांगितलं सुट्टी, आणि बायकोला सांगितलं ड्युटी. दोघांच्या मधल्या वेळात ते नुकत्याच बंद केलेल्या कॉम्प्रेसरच्या उबेला गोणपाट टाकून झोपले होते!

आम्ही हसून हसून लोळलो. चाचा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "एक ध्यानात ठेव बेटा. सुट्टीवर गेलेला मानूस लांब जात न्हाई."

तेव्हा मी त्यावरही हसलो होतो.

* * *

मागच्या नाताळला बापूंच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि ते तिच्या गावी गेले. माणूस कमी पडला. आम्हा दोघा भावांपैकी एकाला पंचवीसच्या सकाळी यावं लागणार होतं. साहेबांनी माझं नाव घातलं.

मी भडकलो. मित्रानं नवी गाडी घेतली होती. तिच्यावरून नगरला जायचं, सावेडीत दोन चकरा मारायच्या आणि परत यायचं, असं ठरलं होतं. काम काही नव्हतं. फक्त नवा शर्ट घालून फिरायचं होतं. मी साहेबांच्या तोंडावर म्हणालो, "मी येनार न्हाई. काय करायचं ते करा!"

दादानं वहीचं पान फाडलं. खाली स्वतःची सही केली आणि माझ्यापुढे धरलं. "कर सही. मी दूध घेतो, नऊला घरी येतो, मग तिघं उपासनेला देवळात जाऊ. तवर झोप तू."

मी सही केली. करताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहाटे दादा निघाला तेव्हा धुकं होतं. उसाची एक ट्रॉली रस्त्यातच बंद पडली होती. मागे दिवा नव्हता, लाल कापडाचं एक चिरगूटसुद्धा बांधलेलं नव्हतं.

इकडे डेअरीत दुधाची रांग लागली. लोक ओरडायला लागले. साहेब दारामागे डोकावायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "थांबा रे, यायचाय तो. खिळ्यावर चिठ्ठी हाय."

नऊ वाजेपर्यंत ते हेच सांगत होते.

* * *

आमची गाय चांदी दादाच्या हाताची. तो गेल्यावर ती पान्हाच सोडेना. आईनं गोंजारलं, मी पेंड घातली, शेजारच्या मावशी येऊन बघून गेल्या. गाय दावणीला उभी राहून रस्त्याकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी आईनं दादाचा घरी राहिलेला दुसरा निळा शर्ट खुंटीवरून काढला, लुगड्यावर चढवला, बाह्या दुमडल्या आणि धारेला बसली. चांदीनं शर्टाचा वास घेतला. मग बादलीत धार वाजायला लागली.

मावशी म्हणाल्या, "जनावर ते, फसतंय बिचारं."

आई म्हणाली, "फसत न्हाई. तिला समदं म्हाईत हाय. ती फकस्त त्याला सुट्टी देत न्हाई."

तेव्हापासून आई रोज तो शर्ट घालून धार काढते आणि मळला की धुते. आणि मी रोज पहाटे, ती तो घालायच्या आधी, त्याच्या खिशात हात घालून बघतो. का, ते मला सांगता येत नाही. खिसा रिकामा असतो.

* * *

दादाची चिठ्ठी खिळ्यावरच राहिली. ती फक्त बदलीनं काढायची, आणि बदली दादा होता. मग कोण हात लावणार?

साहेबांनी नवीन चिठ्ठ्यांसाठी शेजारी दुसरा खिळा ठोकला. दिवाळीला ऑफिसला निळा रंग दिला. रंगवणाऱ्याला कोणी काही बोललं नव्हतं. तरी त्यानं चिठ्ठी न काढता तिच्या कडेनं ब्रश फिरवला. तिच्या मागचा जुना पिवळा रंग तसाच राहिला. साहेबांनी विचारलं तर तो म्हणाला, "काय की, हात गेला न्हाई."

एकदा टँकरवर नवीन ड्रायव्हर आला. त्याला मोबाईल नंबर लिहायला कागद हवा होता. त्यानं चिठ्ठीकडे हात नेला. चाचा तिकडे फॅट मशीनपाशी होते, ते इकडे कधी आले हे मला दिसलं नाही. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

ड्रायव्हर म्हणाला, "अहो चाचा, जुना कागद हाय. कुनाचा हाय असा?"

चाचा म्हणाले, "येनाराचा."

ड्रायव्हरनं नंबर हातावर लिहून घेतला.

* * *

आता यंदाचं.

डिसेंबर लागल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "दानू, यंदा तू पंचवीसला घरी राहा. आईजवळ बस. आमी तिघं बघतो."

मी म्हणालो, "माझ्या बदलीला कुनी उभं राह्यचं न्हाई."

"अरे, तसं न्हाई..."

"कुनीच न्हाई!" मी कॅनचं झाकण आपटलं. ते उडून काट्यावर पडलं. चाचांनी ते उचलून परत माझ्या हातात दिलं, याचाच मला जास्त राग आला.

घरी आई म्हणाली, "त्याच्याबिगर पयला नाताळ. तू पन न्हाई. मग मी एकटी देवळात जाऊन कुनाशेजारी बसू?" तिनं शंकरपाळ्याचं पीठ भिजवलं नाही. दारावरचा तारा माळ्यावरून काढला नाही. चोवीसच्या संध्याकाळी सगळ्या आळीत तारे लागले, आमचं दार तेवढं अंधारात.

मला तिच्याजवळ राहायचं होतं. खरंच राहायचं होतं. पण सही करायला हात उचलत नव्हता.

पंचवीसला पहाटे मी चांदीचं दावं धरलं. खुंटीवरच्या शर्टाचा खिसा बघितला. रिकामा. आईनं शर्ट चढवला, मी किटलीत दूध घेतलं आणि निघालो. तसंच धुकं होतं. त्या जागेवरून जाताना मी डावीकडे बघितलं नाही.

डेअरीत साहेब, बापू, चाचा तिघेही आधीच आले होते. यंदा कोणीच सुट्टी घेतली नव्हती. दूध आलं, मोजलं, टाकीत गेलं. दादाच्या जागी काट्यावर मी. साडेआठला रांग संपली. साहेब पेन आणायला ऑफिसात गेले आणि बाहेरच येईनात.

मग आतून आवाज आला. "जरा इकडं या सगळे."

दारामागे निळी भिंत. त्यात चिठ्ठीएवढा पिवळा चौकोन. वर खिळा. खिळ्यावर काही नव्हतं.

मी आधी बापूंची कॉलर धरली. "कुटं ठिवली?"

"आईच्यान न्हाई रे दानू!" बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतःहून खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी, चुना, नातवाचा फोटो. चाचांनी खिसे दाखवले. कंगवा आणि चष्म्याचं घर. साहेबांनी दाखवले. मीही माझे दाखवले. टेबलाखाली बघितलं, कपाटामागे झाडू फिरवला, केराची टोपली ओतली. पंखा तर बंदच होता. थंडीत कोण लावतो?

साहेब हळू आवाजात म्हणाले, "कुलूप मी काढलं. तवा व्हती. मी रोज पयलं तेच बघतो."

पलीकडे कॉम्प्रेसर चालू झाला तेव्हा आम्ही चौघेही दचकलो.

चाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊला दहा कमी होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, तुझी बदली येऊन गेली. आता तू कशाला थांबलास? जा घरी."

मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. घरी पोहोचलो तर दारावर तारा लावलेला होता. आई मागच्या अंगणात दगडावर निळा शर्ट धूत होती. चांदीनं सकाळी त्यावर शेण उडवलं होतं.

तिनं वर न बघताच विचारलं, "नऊला आलास व्हय? बरं झालं, देवळाला येळेवर जाऊ." मग ओला हात माझ्यापुढे केला. तळहातावर कागदाचा लगदा होता. निळी शाई पसरलेली. मधोमध खिळ्याचं भोक.

"किती डाव सांगितलं त्याला," आई म्हणाली, "खिसे बघून टाकत जा म्हनून!"